मुका साक्षीदार

एप्रिल १९३५ मध्ये सिडनीजवळील कूजीच्या मत्स्यालयातील शार्कने माणसाचा हात ओकला. गोंदणावरून तो बेपत्ता जेम्स स्मिथचा ठरला. हात सुरीने कापलेला होता. मुख्य साक्षीदार चौकशीच्याच दिवशी पहाटे गोळी लागून मेलेला आढळला. आरोपी निर्दोष सुटला.

या प्रकरणावरून समनर लॉक एलियट यांनी दूरचित्रवाणीसाठी ‘द ग्रे नर्स सेड नथिंग’ हे नाटक लिहिले. अमेरिकेत १९५९ साली दाखविल्यानंतर १९६० मध्ये ते सिडनीहून थेट प्रक्षेपित झाले.

मला शीर्षक अर्थपूर्ण वाटते. ‘ग्रे नर्स’ ही तिकडची शार्कची एक जात; ती काहीच बोलली नाही! नाटककार गुन्हेगार कल्पू शकतो, न्यायालयाला पुरावा लागतो. असे नाटक पाहताना निर्दोष सुटलेल्याला आपण मनातल्या पिंजऱ्यात पुन्हा उभे करू नये.