पऱ्हाटीची मोळी आणि घनतेचे गणित

आमच्या वाशीम जिल्ह्यात उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपली, की शेतात उभ्या उरतात त्या वाळलेल्या पऱ्हाट्या. पुढच्या पिकासाठी रान मोकळे करावयाचे असते. मग पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर ढीग घालतात. त्यातल्या काही चुलीसाठी घरी येतात, बाकीच्यांना काडी लावली जाते. संध्याकाळी एस.टी.च्या खिडकीतून हे जाळ तुम्ही पाहिले असतील.

शेतकरी पऱ्हाटी का जाळतो? त्याला तिची किंमत कळत नाही म्हणून, असे शहरातले लोक सहज म्हणून जातात. ते बरोबर नाही. ढीग ठेवला तर त्यातील वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा कापसावर येते. २०१७ साली विदर्भात या अळीने केलेला नाश तुमच्या घरी विचारा, आजही सांगतील. म्हणजे ढीग ठेवण्यात धोका आहे, आणि दूर वाहून नेणे परवडत नाही. का परवडत नाही, हे समजण्यास नववीचे भौतिकशास्त्र पुरते.

आम्ही एका मोळीचे माप घेतले. वजन ९ किलो, लांबी १.२ मीटर, घेर १.६ मीटर. मोळी दंडगोल मानली तर घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ४ पाय, एवढे तिचे आकारमान येते. आकडे घालून पाहा : ०.२४४ घनमीटर. म्हणून घनता झाली घनमीटरला सुमारे ३७ किलो. नंतर एका काडीचा तुकडा तोलून मोजपात्रातील पाण्यात सुईने दाबून बुडविला. (तो तरंगतो, म्हणून सुई हवी. शिवाय तो पाणी पितो, म्हणून वाचन झटपट घ्यावे.) तुकड्याची घनता घनमीटरला ४५० किलोच्या आसपास आली. आता ३७ ला ४५० ने भागा. मोळीच्या शंभर भागांत लाकूड जेमतेम आठ भाग, उरलेली ब्याण्णव भाग हवा!

सहा घनमीटरच्या ट्रॉलीत अशा मोळ्या काठोकाठ भरल्या तरी माल सव्वादोनशे किलोच. डिझेल आणि मजुरी मात्र पूर्ण ट्रॉलीची. शेतकरी भाडे देतो ते मुख्यतः हवा वाहण्याचे.

आणि वस्तू तर हलकी नाही, म्हणजे गुणाने. वाळलेली पऱ्हाटी जाळली असता किलोमागे सुमारे ४००० किलोकॅलरी उष्णता मिळते. आपल्या वीज केंद्रांत जाणारा पुष्कळसा देशी कोळसा ३५०० ते ४००० च्या घरातला असतो, आणि त्यात राख ३० ते ४५ टक्के. पऱ्हाटीत राख ६-७ टक्केच. मी हे वर्गात सांगितले तेव्हा मुलांचा विश्वास बसला नाही.

तेव्हा खरा प्रश्न हवा काढून टाकण्याचा. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली सुरू झालेली कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था (आज ती ‘सिरकॉट’ या नावाने ओळखली जाते) या कामात पुष्कळ वर्षे आहे. तिच्या नागपूर केंद्रात पऱ्हाटीच्या भुशापासून लाकडासारखे दाबीव फळे तयार करण्याचा प्रायोगिक कारखाना उभारला गेला. जळणाच्या कांड्यांवरही तेथे काम झाले आहे. कांडी बनविण्याची रीत मोठी गमतीची आहे. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून दट्ट्याने साच्यात प्रचंड दाबाने रेटतात. घर्षणाने साचा तापतो. लाकडाचे तंतू एकमेकांस धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ शंभर अंश सेल्सिअसच्या वर मऊ होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होतो. डिंक नको, शेण नको. पऱ्हाटीतच तिची खळ आहे. फक्त ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या आसपास हवा. जास्त असला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन कांडी तडकते. अशा कांड्यांच्या ढिगाची घनता घनमीटरला ६०० किलोपर्यंत जाते. त्याच ट्रॉलीत आता साडेतीन टनांहून अधिक माल! (तेवढे वजन ट्रॉलीला झेपेल का, हा निराळा प्रश्न.)

२०२१ साली केंद्र सरकारने कोळशावरील वीज केंद्रांना असे जैव इंधन पाच टक्क्यांच्या आसपास मिसळण्याचे धोरण आखले. त्यामुळे गिऱ्हाईक दिसू लागले. तरीही पहिला टप्पा राहतोच : शेतापासून यंत्रापर्यंत ती ब्याण्णव टक्के हवा कोणी वाहायची? म्हणून मला वाटते, मोठ्या कारखान्यापेक्षा बांधावर फिरणारे तुकडे करण्याचे यंत्र अधिक महत्त्वाचे. तुकडे झाले की जागा कमी लागते आणि बोंडअळीलाही आसरा उरत नाही.

यंत्रच शेतात नेण्याचा विचार पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पाचटाबाबत केला. पाचटाचा शेतातच कोळसा करावयाची त्यांची भट्टी. त्या कामाला २००२ साली इंग्लंडमधील ॲशडेन पारितोषिक मिळाले. कोळसा करताना वजन पाव ते तिसरा हिस्सा उरते, पण किलोमागची उष्णता दुपटीच्या जवळ जाते. म्हणजे मूळ उष्णतेपैकी निम्म्याच्या आसपास भट्टीतच खर्ची पडते. वाहतूक वाचविण्याची ती किंमत होय.

एक गोष्ट मात्र मनात सलते. पऱ्हाट्या उपटणाऱ्या मजूर बायका पुष्कळदा त्यांतूनच घरचे सरपण नेतात. पऱ्हाटीला भाव आला तर त्यांच्या चुलीत काय जाणार? शिवाय सगळीच पऱ्हाटी रानाबाहेर गेली तर जमिनीला सेंद्रिय अंश कोठून मिळावा? थोडी बारीक करून, शेणकाल्याबरोबर कुजवून जमिनीला परत द्यावी लागेल. किती, हे प्रत्येक रानाचे निराळे.

आता तुमचे काम. तराजू, सुतळी आणि मोजपट्टी घेऊन तुराट्यांच्या मोळीची घनता काढा. सोयाबीनचे कुटार पोत्यात एकदा सैल भरून आणि एकदा पायाने तुडवून तोला. पायाच्या दाबाने किती हवा गेली ते वहीत लिहा. तुमच्या गावापासून बाजारापर्यंत ट्रॉलीचे भाडे किती पडते तेही विचारा, आणि दोन्ही वेळी एका किलोमागे किती पैसे पडले याचा हिशेब मांडा.