रानातला फेरा आणि परतीचा निर्णय

जंगलातल्या चालण्याचे दोन प्रकार असतात. एकात गेल्या वाटेनेच परत यायचे असते, त्यामुळे थकवा आला की मागे फिरता येते. दुसऱ्यात वाट गोल फिरून सुरुवातीच्या जागी येते. या फेऱ्यात अर्धे अंतर ओलांडले की पुढे जाणे आणि मागे फिरणे यांत पुढेच जाणे जवळचे ठरते. म्हणून फेऱ्याचा आरोग्याच्या दृष्टीने विचार करताना पायांइतकाच परतीच्या निर्णयाचाही विचार करावा लागतो.

माथेरान हे याचे ओळखीचे उदाहरण. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या रानात खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढची तांबडी वाट पायी चालणारे आणि घोडे यांच्यात वाटलेली असते. एवढ्या उंचीवर हवा विरळ होण्याचा त्रास होत नाही. तिथे दम लागला तर तो चढाचा, सवय नसल्याचा किंवा आजाराचा असतो.

बाजारातून निघून शार्लोट तलाव आणि दोन-तीन पॉइंट पाहून परतायचे झाल्यास वेळेचा अंदाज आधी बांधावा. गिर्यारोहक १८९२ पासून नेस्मिथचा ठोकताळा वापरतात : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा फेरा ८ किलोमीटरचा आणि एकूण चढ १५० मीटरचा असेल, तर हिशेब १ तास ५१ मिनिटांचा होतो. सवय नसलेल्याने त्यात निम्मी भर घालावी, म्हणजे पावणेतीन तास धरावेत. एवढा वेळ हाताशी ठेवून अंधारापूर्वी परतता येईल अशा बेताने निघावे.

श्रम मध्यम आहेत की नाहीत, हे बोलण्यावरून कळते. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम गती. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर गती कमी करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. पावणेतीन तासांच्या फेऱ्यात १६५ मिनिटे भरतात. पण एरवी खुर्चीत बसणाऱ्याने आठवड्याचा व्यायाम एका दुपारी उरकला, तर स्नायू आणि हृदय दोन्हींवर ताण येतो. आधी तीन-चार आठवडे रोज अर्धा-पाऊण तास चालणे आणि जिने चढणे-उतरणे ही तयारी पुरेशी असते.

दम चढावर लागतो, गुडघे मात्र उतारावर दुखतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार रोखून धरतो. त्यामुळे त्यात सूक्ष्म इजा होतात आणि दुखणे त्याच रात्रीपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक जाणवते. जांभ्याच्या वाटेवरचे गोल खडे पायाखाली मण्यांसारखे घरंगळतात, तर पावसाळ्यात दगडांवर शेवाळ धरते. उतारावर पावले आखूड टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा आणि काठीचा आधार घ्यावा. बुटाचा तळ खाचांचा असावा. पायाची नखे कापलेली नसतील तर उतरताना ती बुटाच्या टोकाला घासून काळीनिळी पडतात.

वाट सामायिक असल्याने कानही उघडे लागतात. वळणापलीकडून टापा ऐकू आल्या की दरीची कड सोडून डोंगराच्या बाजूला उभे राहावे. घोड्याच्या मागून जवळून जाऊ नये, लाथ बसू शकते. पडून खरचटले तर जखम साबण-पाण्याने धुवावी. तिला माती किंवा लीद लागली असेल आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर डॉक्टरांकडे जाऊन ती पुन्हा घ्यावी. कोरड्या दिवसांत टापांनी उडणारी तांबडी धूळ दमेकऱ्यांना त्रास देते. त्यांनी मास्क लावावा आणि पंप खिशात ठेवावा.

माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नये. माकडाने चावा घेतला किंवा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा. साप चावल्यास जखम कापू नये, घट्ट आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला उचलून प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि जवळ साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हात थरथरणे, घाम फुटणे, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून परतल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात तपासाव्यात. हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच फेरा ठरवावा.

शेवटी परतीचा निर्णय. ८ किलोमीटरच्या फेऱ्यात तो २ किलोमीटरवर घ्यावा. तिथे थांबून पाणी प्यावे आणि श्वास, गुडघे, घड्याळ तपासावे. तिथून माघार घेतली तर एकूण चाल ४ किलोमीटरच होते. चौथ्या किलोमीटरला कोणत्याही दिशेने ४ किलोमीटर उरलेलेच असतात. छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम यांपैकी काहीही जाणवले तर मात्र २ किलोमीटरचीही वाट पाहू नये. लगेच बसावे, सोबत्याला मदतीसाठी पाठवावे आणि पुढे एक पाऊलही चालू नये.