कोंबड्या अंडी देईनात? आधी बघा, सगळ्या थांबल्या की काहीच

परसातल्या कोंबड्यांच्या व्हिडिओखाली एक प्रश्न सारखा येतो: "सर, कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलंय, कुठलं टॉनिक देऊ?" टॉनिक नंतर बघू. आधी वही काढा.

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. म्हणजे १० गावरान कोंबड्यांची वर्षाची झाली ६०० च्या आसपास. ३६५ ने भागा, दिवसाला दोनही पडत नाहीत! त्यातही ती रोज नेमाने येत नाहीत. कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि थांबते. त्यामुळे एखाद्या आठवड्यात रोज सहा अंडी मिळतील आणि पुढच्या महिन्यात खुराडं रिकामं. ग्रामप्रिया, वनराज, गिरिराज या सुधारित जाती दुपटीहून जास्त देतात, पण त्यांचाही आकडा रोज सारखा राहत नाही. "दहा कोंबड्या, रोज पाच अंडी" असं धरून ज्यांनी गिऱ्हाइकाला शब्द दिला, त्यांच्या कोंबड्या बऱ्याचदा बंद झालेल्याच नसतात. हिशोब चुकलेला असतो.

हिशोब बरोबर असूनही अंडी घटली, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: सगळ्या एकदम थांबल्या, की एकेक करून?

सगळ्या एकदम थांबल्या तर कारण कोंबडीच्या बाहेर शोधायचं. सगळ्यात आधी कडब्याची गंज, लाकडाचा ढीग, गोठ्याचा कोपरा बघून या. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या जागा बदलतात आणि मालकाला सांगत नाहीत! दोन-तीन दिवस त्यांना सकाळी दहा-अकरापर्यंत खुराड्यातच ठेवा. बहुतेक अंडी सकाळी पडतात, त्यामुळे खरं काय ते कळतं. मुंगूस, साप किंवा कुत्रं अंडी खात असेल तर तेही याच वेळी उघडं पडतं.

मग पाणी. अंड्याच्या आतला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात उन्हात ठेवलेल्या प्लास्टिकच्या घमेल्यातलं पाणी इतकं तापतं की कोंबडी तोंड लावत नाही. मातीचं भांडं सावलीत ठेवा, दिवसातून दोनदा पाणी बदला. एवढ्यानेच काही ठिकाणी आठवड्याभरात फरक पडतो.

खाण्यात दोन चुका दिसतात, दोन्ही उलट्या. काही जण नुसती ज्वारी किंवा कणी टाकतात. एका अंड्याच्या कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, ते धान्यातून येत नाही. आधी कवच पातळ होतं, मग अंडी कमी होतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला लागेल ती खाईल. दुसरे लोक उरलेला भात, चपात्या एवढ्या घालतात की सुधारित जातीची कोंबडी चरबीने जड होते आणि अंड्यावरून जाते. ती दिसायला छान गुबगुबीत असते, म्हणून मालकाला शंकाही येत नाही.

दिवाळीनंतर अंडी घटण्याचं कारण उजेडही असतो. भरपूर अंडी येण्यासाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरात पुण्याकडे दिवस असतो ११ तासांचा. सुधारित जातीच्या ४०-५० कोंबड्या असतील तर पहाटे बल्ब लावणं परवडतं. संध्याकाळी लावू नका, अचानक बंद केला की त्या अंधारात खालीच बसून राहतात. दहा गावरान कोंबड्यांसाठी मात्र माझ्या मते या भानगडीत पडूच नये.

अंडी थांबली आणि सोबत हिरवट हगवण, धाप, मान वाकडी होणं असं काही दिसलं, तर ती मानमोडी असू शकते. आजारी कोंबडी वेगळी करा आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कोंबड्या पटापट मरत असतील तर मेलेल्यांना उघड्या हाताने शिवू नका, कुठे फेकूही नका. मानमोडीची लस वेळेवर दिलेली असेल तर ही पाळी सहसा येत नाही.

आता एकेक करून थांबणाऱ्या. इथे कोंबडी हातात घ्यावी लागते. रात्री ती शांत असते तेव्हा धरा. शेपटीखाली, अंडं येतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली, जागा ओलसर असली आणि तुरा लालभडक असला, तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट मावलं, जागा कोरडी आणि तुरा फिका असेल, तर थांबली आहे. पायात रंगीत दोरा बांधा आणि वहीत लिहा.

थांबलेलीत सर्वांत जास्त सापडते ती खुडूक. पिसं फुलवून बसते, हात नेला की टोचते. हिला लोक आजारी समजतात नाहीतर पाण्यात बुचकळतात. बुचकळू नका. पिल्लं हवी असतील तर दहा-बारा फळणारी अंडी खाली ठेवा, २१ दिवसांत पिल्लं. गावरान पिल्लाला भाव चांगला असेल तर अंडी विकण्यापेक्षा हा धंदा जास्त देतो, वहीत मांडून बघा. पिल्लं नको असतील तर तिला तीन-चार दिवस खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा. आत गवत नको, दाणापाणी पूर्ण द्या. आणि रोजची अंडी रोज उचला, साठली की खुडूक वाढते.

पिसं गळत असतील तर दोन-तीन महिने वाट बघा. सगळी ताकद नव्या पिसांत जाते, म्हणून पेंड वाढवा. अशी कोंबडी विकणं म्हणजे परत अंड्यावर येणारा माल स्वस्तात देणं.

दोन-अडीच वर्षांपुढची, हाडं आवळलेली, खुडूकही नाही आणि पिसंही गळत नाहीत, अशी मात्र काढा. गिऱ्हाईक आखाडात शोधा, श्रावण लागला की तीच कोंबडी कुणी विचारत नाही.