घटक ४ : क्रीडाविश्लेषणाचे लेखन – निकाल आणि कारण

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• क्रीडावृत्त व क्रीडाविश्लेषण यांतील फरक सांगता येईल.
• परक्या खेळातील संज्ञेसाठी समर्पक मराठी शब्द निवडता येईल.
• कारणदर्शक विधान पुराव्याच्या मर्यादेत ठेवता येईल.

४.२ प्रास्ताविक

वृत्त ‘काय घडले’ ते सांगते. विश्लेषण ‘का घडले’ याचा शोध घेते. क्रिकेटविषयी वाचकाला पुष्कळ काही आधीच ठाऊक असल्याने लेखकाच्या विवेचनातील उणीव झाकली जाते. अपरिचित खेळाविषयी लिहिताना ती उघडी पडते. म्हणून येथे अमेरिकेतील बेसबॉलचे उदाहरण घेतले आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ खेळाची पार्श्वभूमी

मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. सामना नऊ इनिंगचा असतो. चेंडू फेकणाऱ्यास ‘पिचर’ म्हणतात. क्रिकेटमध्ये दोन टोकांकडून दोन गोलंदाज आलटून-पालटून मारा करतात. येथे मात्र एकच पिचर सलग चेंडू फेकत राहतो. सामना सुरू करणारा पिचर साधारणतः पाच-सहा इनिंग टाकतो; पुढचा भार बदली पिचर उचलतात. खांदा व कोपर यांवर मोठा ताण येत असल्याने सुरुवात करणाऱ्या पिचरला पुढे किमान चार दिवस विश्रांती देण्याचा प्रघात आहे. त्यामुळे संघ अशा पाच जणांचे चक्र ठेवतो.

४.३.२ ‘डेप्थ’ म्हणजे काय?

या पाचांपैकी कोणी दुखापतग्रस्त झाला, तर त्याची जागा घेऊ शकणारे किती जण तयार आहेत, यालाच इंग्रजीत पिचिंगची ‘डेप्थ’ म्हणतात. ‘पिचिंगची खोली’ असे शब्दशः भाषांतर केल्यास मराठी वाचकाला काहीच बोध होत नाही. मराठीत यासाठी ‘फळी’ हा रुळलेला शब्द आहे. ‘आघाडीची फळी’, ‘मधली फळी’ हे प्रयोग क्रीडापृष्ठावर, तर ‘दुसऱ्या फळीचे नेते’ हा प्रयोग राजकीय वृत्तांत नित्याचा आहे. तेव्हा ‘दुसरी फळी दुबळी आहे’ असे म्हटल्याने अर्थ नेमका पोहोचतो.

४.३.३ उदाहरण : मायामी मार्लिन्स, २०२४

या संघाने २०२३ मध्ये ८४ सामने जिंकून बाद फेरी गाठली होती. पुढच्या हंगामात मात्र पहिले नऊही सामने त्याने गमावले. कारण शोधताना दुखापतींची यादी समोर येते. २०२२ चा साय यंग पुरस्कार मिळवणारा सँडी अल्कांतारा कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे संपूर्ण हंगामाला मुकला. वीस वर्षांच्या युरी पेरेझवर एप्रिलमध्ये तशीच शस्त्रक्रिया झाली. ब्रॅक्स्टन गॅरेट व एडवर्ड कॅब्रेरा हेही आरंभी खांद्याच्या दुखण्यामुळे बाहेर होते. बदली पिचर म्हणून खेळत आलेल्या ए. जे. पक याला सामना सुरू करण्यास उतरवले गेले. तो प्रयोग चारच सामन्यांनंतर थांबला. संघाने हंगामअखेर १०० सामने गमावले.

४.३.४ प्रतिउदाहरण

वाईट सुरुवात म्हणजे वाईट शेवट, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने पहिल्या ५० पैकी ३१ सामने गमावले, तरी त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यांच्याकडे मॅक्स शेर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग व पॅट्रिक कॉर्बिन असे सुरुवातीचे समर्थ पिचर होते. दोन्ही संघांचे आरंभीचे निकाल निराशाजनकच. पण एकाकडे सावरण्यास लागणारे बळ होते, दुसऱ्याकडे ते उरले नव्हते. गुणतक्ता हा फरक दाखवत नाही.

४.३.५ कारणदर्शक विधानाची भाषा

‘दुबळ्या फळीमुळे मार्लिन्स नऊ सामने हरले’ या वाक्यातील ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय एकच कारण ठामपणे मांडते. परंतु त्यांचा पहिलाच सामना १२ इनिंगपर्यंत लांबून ६-५ असा निसटला. त्याचा निर्णय बदली पिचर मैदानात असताना झाला. फलंदाजीचा वाटाही प्रत्येक पराभवात तपासावा लागतो. म्हणून ‘दुबळ्या फळीने पराभवांच्या मालिकेला हातभार लावला’ किंवा ‘दुखापतींमुळे सावरणे अवघड झाले’ अशी रचना अधिक प्रामाणिक ठरते. चुकीच्या कारणाचा ठपका एखाद्या खेळाडूवर बसू शकतो, हे लेखकाने विसरू नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. सुरुवात करणाऱ्या पाच पिचरांचे चक्र का ठेवावे लागते?
२. ‘खोली’ऐवजी ‘फळी’ हा शब्द समर्पक का ठरतो?

४.४ सारांश

निकाल दिसतो, कारण शोधावे लागते. हंगामाच्या आरंभीच्या पराभवांचा अर्थ त्यांच्या संख्येवरून नव्हे, तर संघाच्या मागे उभ्या असलेल्या फळीवरून लावावा. संज्ञा वाचकाच्या भाषेतील निवडावी आणि ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय जपून वापरावे.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील एखाद्या कबड्डी किंवा खो-खो संघाच्या सलग पराभवांचे विश्लेषण १५० शब्दांत करा.
२. वृत्तपत्रातील ‘मुळे’ असलेली पाच क्रीडाविषयक वाक्ये निवडा. प्रत्येकातील कारण पुराव्याने सिद्ध होते का, ते तपासा व आवश्यक तेथे पुनर्लेखन करा.