दवाखान्यातील तक्ते : तारखांचा गुंता आणि त्याची उकल

आपल्या परिसरातील बहुतेक दवाखान्यांत आज संगणक आहे आणि त्या संगणकावर एक्सेलचा एखादा तरी तक्ता आहे. कोणी त्यात लसीकरणाच्या तारखा ठेवतो, कोणी मधुमेही रुग्णांची साखर, तर कोणी केवळ औषधांचा साठा. हा तक्ता आपण कोणाकडून रीतसर शिकलेलो नसतो. पाहून पाहून शिकलेली ही विद्या बरीच वर्षे बिनबोभाट चालते आणि मग एके दिवशी अडते. प्रस्तुत लेखकाची ती जशी अडली, त्याची हकीकत वैद्यकबंधूंना उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे देत आहे.

मार्च २००९ मधील गोष्ट. पिरनवाडीच्या आमच्या दवाखान्यात गरोदर स्त्रियांची नोंद एका तक्त्यात होत असे. शेवटच्या पाळीची तारीख एका रकान्यात भरली, की शेजारच्या रकान्यात २८० दिवस मिळवून प्रसूतीची अपेक्षित तारीख येई. नेगेले यांच्या नियमाप्रमाणे नऊ महिने आणि सात दिवस धरले, तर महिन्यांच्या लांबीनुसार उत्तरात दोन-तीन दिवसांचा फरक पडतो. म्हणून सरळ दिवसच मिळवणे मला अधिक बरे वाटे.

त्या महिन्याच्या २८ तारखेला एक पहिलटकरीण सासूबरोबर तपासणीस आली. तक्त्यात तिची प्रसूतीची तारीख १४ मार्च होती, म्हणजे बेचाळीस आठवडे पूर्ण झालेले. कळा सुरू करण्यासाठी तिला शहरातील इस्पितळात पाठवावे, असे मनात ठरवून मी चिठ्ठी लिहावयास घेतली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अजून दिवस कुठं भरल्यात हो डॉक्टर? आषाढी एकादशीच्या आधी आठ दिवस बाहेरची झाली होती की ही." तक्ता तर ७ जून दाखवीत होता. मी तसे सांगताच त्या ठामपणे म्हणाल्या, "मिरगाला नव्हे हो! एकादशीला म्हणतोय मी."

२००८ साली आषाढी एकादशी १४ जुलैस होती. तिच्या आधी आठ दिवस म्हणजे ६ जुलै. पोटाची उंची सुमारे अडतीस आठवड्यांची लागली आणि पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीही तेच सांगत होती. खरी तारीख १२ एप्रिल होती. चिठ्ठी फाडून टाकली. सासूबाईंनी तोंड उघडले नसते, तर दिवस न भरलेल्या बाळाला माझ्याच चिठ्ठीने घाई झाली असती.

चूक कोठे झाली, हे शोधण्यात पुढचे दोन रविवार गेले. आमच्या कंपाउंडरने ०६/०७/२००८ असे बरोबरच भरले होते. परंतु दवाखान्याचा संगणक अमेरिकन पद्धतीवर लावलेला होता, आणि त्या पद्धतीत महिना आधी व दिवस नंतर येतो. त्यामुळे ६ जुलैचा ७ जून झाला. एक्सेल तारीख अक्षरांत साठवीत नाही, तर १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा क्रमांक साठवते. एकदा चुकीचा क्रमांक साठला, की पडद्यावर तो कोणत्याही रूपात दाखवला तरी चूकच राहतो.

यातील खरी मेख पुढे आहे. २३/०७/२००८ असे भरले, की तेविसावा महिना अस्तित्वात नसल्याने संगणक त्या मजकुराला तारीख मानतच नाही. तो नुसती अक्षरे म्हणून ठेवतो आणि शेजारच्या रकान्यात चुकीचा इशारा उमटतो. अशा ओळी मला सदोष वाटत आणि त्यांचा हिशेब मी हाताने करीत असे. ज्या ओळीत नीटस तारीख दिसे, तिच्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवी. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १४४ दिवस असे आहेत, की ज्यांचा दिवसाचा आकडा बारा किंवा त्याहून कमी आहे. त्यांपैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा तारखा उलटल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ तारखा गुपचूप बदलतात. २२१ तारखा तक्रार करतात, आणि म्हणूनच त्या सुरक्षित असतात.

दुरुस्तीसाठी पुढील सूत्र रचले. कामांची नावे अर्थात इंग्रजी अक्षरांत टंकावयाची. पाळीची तारीख 'सी२' या चौकटीत आहे असे धरू :

=इफ(इजनंबर(सी२), डेट(इयर(सी२), डे(सी२), मंथ(सी२)), डेट(राइट(सी२,४), मिड(सी२,४,२), लेफ्ट(सी२,२)))

चौकटीत क्रमांक असेल, तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल करावी. अक्षरे असतील, तर शेवटची चार वर्ष म्हणून, मधली दोन महिना म्हणून आणि पहिली दोन दिवस म्हणून घ्यावीत, असा त्याचा अर्थ. तारीख दोन-दोन आकड्यांत भरलेली असणे मात्र आवश्यक आहे.

सूत्र पूर्ण रकान्यावर ओढले आणि नवाच घोटाळा झाला. काही नोंदी मी घरच्या संगणकावर केल्या होत्या आणि तो भारतीय पद्धतीवर होता. त्या बरोबर असलेल्या तारखा आता उलटल्या. कोणती ओळ कोणत्या संगणकावर भरली, हे तक्ता सांगत नाही. मात्र एक खूण सापडली. दवाखान्यातील संगणकावर सलग दहा नोंदी केल्या आणि त्यांत एकही 'अक्षरी' तारीख आली नाही, असे दहा हजारांत एकदाही घडणार नाही. म्हणून ज्या पट्ट्यात अक्षरी तारखा विखुरलेल्या होत्या, तो दवाखान्याचा धरला आणि सूत्र तेवढ्यावरच चालवले. पट्ट्यांच्या सीमेवरील ओळींसाठी कागदी नोंदवही काढावी लागली. ती आम्ही रद्दीत घातली नव्हती, हे आमचे नशीब.

हा दोष केवळ आपल्या गावठी वापराचा आहे, असे समजू नये. विडालचा निष्कर्ष १/८० असा भरून पाहावा. एक्सेल त्याचा जानेवारी १९८० करते. १/१६० मात्र तसाच राहतो. जनुकशास्त्रज्ञांना हाच त्रास सेप्टिन जनुकांच्या नावांनी दिला. 'सेप्ट२' हे नाव दोन सप्टेंबर होऊन बसे. अखेर २०२० साली नामकरण समितीने त्या जनुकांची नावेच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त माहिती मावत नसल्याने कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला.

सीमाभागातील आपल्या तक्त्यांना आणखी एक खास व्याधी आहे. एकाच गावाचे नाव कोणी बेळगाव, कोणी बेळगांव आणि २०१४ च्या नामांतरानंतर कोणी बेळगावी असे भरतो. मोजणीत ती तीन गावे होतात. यावर वेगळ्या पानावर दोन रकान्यांची यादी करावी. डावीकडे आढळलेले प्रत्येक रूप लिहावे व उजवीकडे आपण ठरवलेले एकच रूप. मग 'व्हीलुकअप'ने योग्य नाव खेचावे. त्याच्या चौथ्या जागी 'फॉल्स' लिहिण्यास विसरू नये, अन्यथा ते जवळपासचे कोणतेही गाव आणून देते. दूरध्वनीचा ०८३१ मधील शून्य गिळला जाऊ नये, म्हणून तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावा.

ज्यांना पुढे जावयाचे आहे, त्यांनी मॅक्रोकडे वळावे. आरंभी 'रेकॉर्ड मॅक्रो' लावून आपण हाताने करतो तेच काम एकदा करावे आणि नंतर ऑल्ट व एफ११ या कळा दाबून संगणकाने लिहिलेली आज्ञावली वाचावी. माझे सारे व्हीबीए शिक्षण असेच झाले. प्रयोग मात्र फाइलच्या प्रतीवर करावेत, कारण मॅक्रोने केलेला बदल 'अन्डू'ने परत येत नाही.

आमच्या तक्त्यात आता दिवस, महिना आणि वर्ष असे तीन स्वतंत्र रकाने आहेत. तारीख सूत्राने तयार होते आणि महिना अक्षरांत दिसतो. त्यापुढे एक रकाना जास्तीचा आहे. त्यात पाळीच्या जवळचा सण लिहिला जातो, आणि तो सासूबाईंना विचारूनच.