पुस्तकांचे कपाट: सांधा पक्का तर कपाट पक्के



गेल्या पावसाळ्यात किनवट तालुक्यातील एका वसतिगृहात देणगी म्हणून आलेले पुस्तकांचे तयार कपाट कोसळले. वरचे पुस्तक काढण्यासाठी एक लहान मुलगा खालच्या फळीवर चढला होता. तो वेळीच बाजूला उडी मारू शकला, म्हणून वाचला. नंतर पाहिले तर फळ्या धड होत्या. त्या नुसत्या खिळ्यांवर तोललेल्या होत्या आणि खिळे वाकले होते. नवे कपाट स्थानिक सुताराकडून करून घ्यायचे ठरले आहे. त्यासाठी काय पाहावे, हे आपण शिकून घेऊ.

मराठवाड्याने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. दगड कच्चे नव्हते. पण भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेले नव्हते, त्यामुळे थर सुटले. कपाटाचेही तसेच आहे. माल चांगला असला तरी जोड कच्चा असेल, तर उपयोग नाही.

१. वजन ओळखा. फूटभर रांगेतील पुस्तके सहज आठ-दहा किलो भरतात. अडीच फूट रुंदीच्या चार फळ्या भरल्या की कपाटावर जवळजवळ क्विंटलभर भार येतो. फळीची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच दाटीने ठेवलेल्या पुस्तकांखाली ती सोळापट वाकते. म्हणून पाऊण इंची फळी अडीच फुटांहून लांब नको.

२. फळीला खाच हवी. पाऊण इंच म्हणजे सुताराच्या भाषेत सहा सूत. तेवढ्या जाड उभ्या बाजूला दोन सूत खोल खाच पाडून आडवी फळी त्यात बसवावी. मग भार खिळ्यावर न पडता सरळ लाकडावर पडतो. खाच फळीच्या जाडीइतकीच असावी. फळी हाताने सैल सरकत असेल, तर काम पुन्हा करायला सांगावे.

३. वरखाली कुसू हवे. खाच भार पेलते, पण बाजू बाहेर फाकू लागल्या तर त्यांना धरून ठेवत नाही. त्यासाठी सर्वांत वरच्या आणि खालच्या फळीच्या टोकांना कुसू, म्हणजे लाकडाची जीभ, कोरावी. ती बाजूच्या आरपार भोकातून काढून, सरस लावून पाचर ठोकावी.

४. पाठ विसरू नका. पाठ नसलेले कपाट एका बाजूला कलते. दोन सुती प्लायवूड चारही कडांना आणि प्रत्येक आडव्या फळीला स्क्रूने बसवावे. त्याआधी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले, तरच कपाट काटकोनात आहे.

५. लाकूड आणि वाळवी. किनवट-माहूरचा परिसर सागाच्या जंगलाचा आहे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. कडेच्या पांढरट लाकडाला मात्र लागते, म्हणून ते काढून टाकावे. लाकूड पावती असलेलेच घ्यावे. स्वस्तात मिळते म्हणून चोरटा माल घेऊन आदिवासी बांधवांचे जंगल तोडायला आपण हातभार लावू नये. कपाटाचे पाय चार इंच तरी उंच असावेत, म्हणजे खाली झाडता येते आणि वाळवीची माती दिसते.

६. भिंतीला बांधा. कपाट कितीही पक्के असले तरी मुले त्यावर चढणारच. वरचा भाग लोखंडी पट्टीने पक्क्या भिंतीला जखडावा. भिंत कुडाची किंवा मातीची असेल, तर घराच्या खांबाला जखडावा.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपण दिलेली वस्तू पाच वर्षांनी कशी असेल, याचा विचार देताना केला होता का?
२. आपल्या मंडळीत सुतारकाम जाणणारे कोण आहेत? ते दोन दिवस वसतिगृहात येऊन मोठ्या मुलांना खाच आणि कुसू शिकवतील का?

कपाट एकदाच द्यायचे आहे. ते असे द्यावे, की त्यापुढे बसलेल्या मुलाकडे पाहताना कोणाला धास्ती वाटू नये.