पहिल्या नंबराची गॅरंटी

जळगावात मी बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, उडदाचे पापड आणि काळा मसाला करून विकते. माहेर धुळ्याचं, तिथे भावाचं मसाल्याचं दुकान आहे. पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांपर्यंत घरची चव पोचावी म्हणून मी वेबसाइट केली. महिन्याभरात एकाचा फोन आला, "ताई, तीन महिन्यांत गूगलवर पहिला नंबर. गॅरंटी." ज्वारी भरायला बाजूला ठेवलेले अठरा हजार रुपये मी त्याला आगाऊ दिले.

तीन महिन्यांनी त्याने माझ्याच मोबाइलवर आमच्या दुकानाचं नाव टाकून दाखवलं. आम्ही पहिले! ज्याला दुकानाचं नाव आधीच ठाऊक आहे तोच ते टाकणार, हे मला तेव्हा सुचलं नाही. पुण्याच्या नणंदेनं 'ज्वारीच्या बिबड्या' असं शोधलं, तर आमचा पत्ताच नव्हता. शोधणारा कुठे आहे हेही गूगल पाहतं, म्हणून आपल्या फोनवर दिसतो तो नंबर सगळीकडे तसाच असेल असं समजू नका. आणि पहिल्या नंबराची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

त्या पैशांत त्याने केलं काय? वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी शंभरेक कीवर्ड भरले. ही जागा म्हणजे कीवर्डचा मेटा टॅग; क्रम लावताना तो आपण पाहत नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं होतं. शिवाय परक्या साइटवरून विकतच्या लिंक आणल्या. दुसऱ्याने दिलेली लिंक म्हणजे त्याची शिफारस, असं गूगल मानत आलं आहे. आमच्याकडच्या बामणोदच्या वांग्यांचं नाव भरीत खाणाऱ्यांनी केलं. शिफारस ती अशी. विकतच्या शिफारशींवर एप्रिल २०१२ मध्ये क्रम लावण्याच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' बदलापासून गूगलची नजर आणखी करडी झाली आहे.

मला खरी वाट सर्च कन्सोलने दाखवली. ते गूगलचंच साधन, फुकट. आपली साइट कोणत्या शब्दांवर लोकांसमोर येते, ते त्यात दिसतं. कोणी 'बिबडे' म्हणतं, कोणी 'बिबड्या', कोणी तेच इंग्रजी अक्षरांत लिहितं, आणि पुष्कळांना त्या करायच्या कशा हेच हवं असतं. माझ्या साइटवर मात्र इंग्रजीत 'सॉरघम पापड' लिहिलेलं! आमच्या घरात हा शब्द कोणी कधी उच्चारला नाही. मग मी बसून मराठीत लिहिलं: ज्वारी किती दिवस भिजवायची, पीठ शिजवताना गुठळ्या कशा होऊ द्यायच्या नाहीत, ओल्या कापडावर बिबडी कशी थापायची, शेंगदाण्यांबरोबर ती कशी खायची. फोटो आमच्याच गच्चीवरचे. असल्या कामाचं फळ दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगल सांगतं. मला सात महिने लागले, पण नाशिक-पुण्याच्या ऑर्डरी त्या पानावरूनच येऊ लागल्या.

धुळ्यात भावाची चूक वेगळी. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याने गूगलच्या नकाशावरच्या नोंदीत दुकानाच्या नावाला 'बेस्ट खान्देशी मसाला मिरची पावडर धुळे' असं शेपूट जोडलं. तिथे फलकावर असेल तेच नाव द्यावं, असा नियम आहे. ऐन मिरचीच्या हंगामात नोंद निलंबित झाली; फलकाचे फोटो आणि दुकानाचे कागद देऊन ती परत मिळवायला महिना गेला. पुतण्याच्या मित्रांनी लिहिलेले कौतुकाचे अभिप्रायही उडाले. मला त्या अभिप्रायांचंच जास्त वाईट वाटलं, कारण खरी गिऱ्हाइकं रोज समोर उभी होती आणि त्यांना दोन ओळी लिहा म्हणून कोणी विचारलं नव्हतं. नकाशावरचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी जुळणी, अंतर आणि दुकानाची ख्याती. पैसे देऊन तो वाढत नाही. जाहिरात दिली तर जाहिरातीच्या जागी दिसाल. खालच्या क्रमाशी तिचा संबंध नाही.

बायांनो, भावांनो, मदतीला माणूस जरूर घ्या, पण तो काय करणार ते आधी लिहून मागा. वेबसाइट, सर्च कन्सोल आणि नकाशावरची नोंद, तिन्ही तुमच्याच ईमेलवर ठेवा. माझं सगळं त्या गॅरंटीवाल्याच्या ईमेलवर होतं. आजच तपासून घ्या.